घोटा, नोकरी आणि लंडनची वाट

पत्राचा सारांश: पत्रलेखक 29 वर्षांचे असून नाशिकमधल्या अंबडच्या औद्योगिक वसाहतीतील एका कारखान्यात पाळ्यांमध्ये काम करतात. तीन वर्षांपूर्वी त्यांचे वजन 84 किलोवर गेले आणि तपासणीत रक्तातील साखर सीमारेषेवर निघाली, तेव्हा मोबाइलवरच्या चित्रफिती पाहून त्यांनी पार्कूरचा, म्हणजे भिंती, कठडे, जिने असे अडथळे धावत, चढत, उड्या मारत पार करण्याच्या व्यायामप्रकाराचा, सराव सुरू केला. आज वजन 71 किलो आहे. गोदाकाठी आणि गंगापूर रोडच्या परिसरात तीन मित्रांसह ते आठवड्याला साधारण चार तास सराव करतात. गेल्या दीड वर्षात उजवा घोटा दोनदा मुरगळला. आता नोकरी सोडून, साडेचार लाखांच्या बचतीवर, तीन महिने फ्रान्स आणि इंग्लंडमध्ये प्रशिक्षणाला जावे असे त्यांच्या मनात आहे. घरी अजून सांगितलेले नाही. वडील तरुणपणी तालमीत जात असत. त्यांना हा सगळा प्रकार 'माकडचेष्टा' वाटतो. आई स्थळे पाहत आहे. "इथे शिकवणारे कोणी नाही, जागा नाही, वातावरण नाही. तिकडे गेलो की खाणे आणि झोपही आपोआप मार्गी लागेल," असे लिहून ते विचारतात: जावे का?

सप्रेम नमस्कार.

तुमचे पत्र मी दोनदा वाचले. पहिल्या वाचनात तुम्ही घटवलेल्या 13 किलोंचे कौतुक वाटले. दुसऱ्या वाचनात 'आपोआप' हा शब्द खटकला. शाळेत मुलांना खेळ शिकवण्यात माझी तीस वर्षे गेली आणि त्या काळात आपोआप झालेली एकच गोष्ट मी पाहिली, ती म्हणजे सुट्टीनंतर मुलांचा सुटलेला सराव. तेव्हा उत्तर आधी सांगून टाकते आणि कारणे नंतर देते. जावे, मात्र यंदा नव्हे, तीन महिन्यांसाठी नव्हे, आणि नोकरी सोडून तर मुळीच नव्हे.

वातावरणापासून सुरुवात करू, कारण तुमचा सारा बेत त्या एका शब्दावर उभा आहे. पार्कूरची पंढरी म्हणून तुम्ही ज्या लिस गावाचे नाव लिहिले आहे, ते पॅरिसच्या दक्षिणेचे एक साधे उपनगर आहे. पार्कूरचा जनक मानला जाणारा दाविद बेल आणि त्याचे मित्र तिथे आणि शेजारच्या एव्रीत धडपडू लागले तेव्हा त्यांच्याजवळ प्रशिक्षक नव्हता, गाद्या अंथरलेली व्यायामशाळा नव्हती आणि या प्रकाराला धड नावही नव्हते. वसाहतीतले जिने, कठडे, बसण्याचे ओटे आणि भिंती एवढेच त्यांचे साहित्य होते. दाविदचे वडील रेमाँ बेल पॅरिसच्या अग्निशमन दलात होते आणि त्यांच्यामार्फत या मुलांपर्यंत जॉर्ज एबेर या फ्रेंच नौदल अधिकाऱ्याची व्यायामपद्धती पोहोचली. 1902 साली मार्टिनिक बेटावर ज्वालामुखीचा भीषण उद्रेक झाला, तेव्हा एबेर तिथल्या बचावकार्यात होता. पुढे त्याने चालणे, धावणे, उडी, चढणे, तोल सांभाळणे, उचलणे, फेकणे, पोहणे अशा माणसाच्या मूळ हालचालींवर आपली 'नैसर्गिक पद्धत' बांधली आणि 'उपयोगी पडण्यासाठी बलवान व्हा' हे तिचे ब्रीद ठेवले. 1997 मध्ये 'यामाकासी' हा त्यांचा गट लोकांपुढे आला तोपर्यंत ही मुले कित्येक वर्षे, कोणी पाहत नसताना, त्याच त्या भिंतींवर घाम गाळत होती. वातावरण नसलेल्या जागेतून जे उगवले, ते शिकण्यासाठी 'इथे वातावरण नाही' म्हणून तुम्ही त्याच जागी निघाला आहात. यातली गंमत तुमच्याही ध्यानात येईल.

पण मग तिकडे जाण्यात काहीच अर्थ नाही का? तसे मला अजिबात म्हणायचे नाही. तिथे आज जे आहे ते इथे खरोखरच विरळ आहे, आणि ते म्हणजे वीस-पंचवीस वर्षे उड्या मारूनही ज्यांचे गुडघे शाबूत आहेत अशी माणसे. ब्रिटनमध्ये 2017 साली पार्कूरला खेळ म्हणून अधिकृत मान्यता मिळाली. तिथे प्रशिक्षकांसाठी 'अडॅप्ट' नावाची टप्प्याटप्प्याची प्रमाणपत्रे आहेत आणि लंडनमध्ये नवख्यांसाठी उघड्यावर नियमित वर्ग चालतात. असा प्रशिक्षक तुम्हाला नवी उडी शिकवील हा त्यातला लहान लाभ आहे. तो तुमची जुनी उडी पाहील, तुमचा उजवा गुडघा दर वेळी आत वळतो हे त्याला दिसेल आणि तो तुम्हाला पुढचा महिनाभर कंबरेपेक्षा उंच कशावरूनही उडी मारू देणार नाही, हा मोठा लाभ आहे. मोबाइलची चित्रफीत तुम्ही पाहता, ती तुम्हाला पाहत नाही. दोनदा मुरगळलेला घोटा मला तरी याच एकतर्फी शिक्षणाची फी वाटतो.

अशी नजर मिळवण्याची पहिली पायरी मात्र लंडनपेक्षा पुष्कळ जवळ आहे. मुंबई आणि पुण्यात पार्कूरचा नियमित सराव करणारे गट आहेत. सुट्टीच्या दिवशी पंचवटी एक्स्प्रेसने सकाळी मुंबईला निघून त्याच गाडीने रात्री परतता येते, आणि महिन्यातून दोन असे दिवस सहा महिने काढलेत तर बारा दिवस जाणत्या माणसांसमोर सराव होईल. हे तुम्ही करून पाहिलेत का, याचा पत्रात उल्लेख नाही. कसारा घाट उतरायचा कंटाळा येत असेल, तर इंग्लिश खाडी ओलांडण्याच्या उत्साहाबद्दल मला थोडी शंका घ्यावी लागेल.

आता तीन महिन्यांचा हिशेब. सध्या तुम्ही आठवड्याला चार तास सराव करता. तिकडे पैसे खर्चून गेलेला माणूस रोज चार तास करणार, एखादा दिवस विश्रांती घेतली तरी आठवड्याचे चोवीस तास होणार, म्हणजे शरीरावरचा भार एका झटक्यात सहापट. स्नायू काही आठवड्यांत बळकट होऊ लागतात, पण स्नायूला हाडाशी जोडणारे कंडरे आणि स्वतः हाडे यांना त्यासाठी कित्येक महिने लागतात. फसवणूक इथेच होते, कारण स्नायूंना 'जमते' असे वाटू लागते तेव्हा कंडरे अजून तयार झालेले नसतात, आणि उंचावरून जमिनीवर येताना वजनाच्या कितीतरी पट भार त्यांच्यावर पडतो. घोट्याचे अस्थिबंध दोनदा ताणले गेले असतील तर पाय तिसऱ्यांदा वळण्याची भीती अधिकच असते. तिसऱ्या आठवड्यात घोटा सुजला आणि उरलेले नऊ आठवडे परक्या शहरात पाय उशीवर ठेवून काढावे लागले, असे मी सांगणार नाही. पण असे झाले तर त्यात नशिबाचा दोष नसेल.

म्हणून पहिले सहा महिने घोट्याचे. फिजिओथेरपिस्टला पाय दाखवा आणि दोन पायांची ताकद व तोल यांत किती फरक आहे हे मोजून घ्या. एका पायावर उभे राहणे, पायरीच्या कडेवर टाचा हळूहळू खाली सोडून वर घेणे, लहान ओट्यावरून एका पायाने सावकाश उतरणे हे व्यायाम दिसायला निरस आहेत आणि त्यांची चित्रफीत कोणी पाहणार नाही, पण पार्कूरचा पाया तोच आहे. उतरण्याचा सराव गुडघ्याएवढ्या उंचीवरूनच करा आणि कान उघडे ठेवा: पाऊल टेकताना धप्प आवाज आला तर भार सांध्यांनी घेतला, आवाज जवळजवळ आलाच नाही तर स्नायूंनी घेतला. चवड्यावर उतरायचे, गुडघे पावलांच्या रेषेत वाकवायचे, आणि दमून आवाज वाढू लागला की त्या दिवशीचा सराव थांबवायचा. कोलांटी म्हणजे तुमची 'रोल' आधी गवतावर पक्की करा, एका खांद्यावरून विरुद्ध बाजूच्या कमरेकडे तिरकी, मणक्यावरून सरळ नव्हे. चार पायांवर पुढे-मागे चालणे तुम्ही करता की नाही हे लिहिलेले नाही. करत नसाल तर सुरू करा, दहा मिनिटांत खांदे आणि पोट काय असते ते कळते.

आता त्या 'आपोआप'कडे वळते. रात्रपाळीच्या आठवड्यात तुम्ही जेमतेम पाच तास झोपता, कँटीनचे वडे आणि चार-पाच गोड चहांवर रात्र काढता आणि पाळी संपवून घरी न जाता थेट सरावाला जाता, असे तुमच्याच पत्रात आहे. झोपेविना जागी राहिलेली नजर अंतर चुकीचे मोजते, पाय उशिरा उचलला जातो आणि दिवसभरात ताणलेल्या पेशींची डागडुजी ज्या वेळात व्हायची तो वेळच शिल्लक राहत नाही. तुमचे दोन्ही अपघात रात्रपाळीच्या आठवड्यांत झाले का, हे एकदा आठवून पाहा. रात्रपाळीनंतर सकाळी उडी मारायचीच नाही, हा नियम आजपासून करा. घरी येऊन हलके काही खा, खिडकीला जाड पडदा लावा, मोबाइल दुसऱ्या खोलीत ठेवा आणि सात तास झोपा. संध्याकाळी कामावर जाण्यापूर्वी तोलाचे व्यायाम आणि चालणे पुरेसे आहे. अवघड सराव दिवसपाळीच्या आठवड्यात ठेवावा. शेवटचा चहा पहाटे तीननंतर घेऊ नये, एवढे केले तरी झोप लागण्यात फरक पडेल.

खाण्याबद्दल फार लिहीत नाही, कारण तुम्हाला काय खावे हे ठाऊक आहे. बाजरीची किंवा नाचणीची भाकरी, मटकी-मुगाची उसळ, दही, मूठभर शेंगदाणे, चालत असतील तर अंडी, हे आपल्या घरातले अन्न सराव करणाऱ्या शरीराला पुरून उरते. प्रत्येक जेवणात डाळ, उसळ, दूध किंवा अंडे यांपैकी काहीतरी असावे आणि कामावर डबा न्यावा. रविवारची मिसळ सोडायला मी सांगणार नाही, नाशिकमध्ये राहून तसे सांगणे मला शोभणारही नाही. पण एक प्रश्न विचारते. तुम्हाला स्वयंपाक येतो का? लंडनच्या वसतिगृहात सकाळ-संध्याकाळ विकतचे अन्न तुमच्या बचतीला परवडणार नाही आणि मुगाची खिचडी न येणारा माणूस तिथे पाव, बटाट्याचे तळलेले काप आणि चॉकलेट यांवर राहतो. साखर सीमारेषेवर असलेल्या माणसाने कोणते आरोग्य कमवायला इतक्या दूर जायचे? निघण्यापूर्वी चार पदार्थ स्वतःच्या हाताने करता आले पाहिजेत, ही अट मी घोट्याइतकीच महत्त्वाची धरते. आणि निघण्याआधी साखर पुन्हा तपासून घ्या, तीन वर्षांपूर्वीच्या कागदावर विसंबू नका.

वडिलांविषयी तुम्ही जरा कडवट लिहिले आहे. त्यांना पार्कूर कळत नाही हे खरे असेल, पण तुम्हाला तालीम कळते का? जोर, बैठका आणि सपाट्यांनी खांदे, पाठ, मांड्या आणि दम यांची जी तयारी होते, ती तुमच्या भिंतीवर चढण्याच्या कामी सरळ येते. हौद्यातल्या पोराला सर्वांत आधी पडायला शिकवतात, मान सांभाळून आणि अंग सैल ठेवून. दुसऱ्या बाजीरावाच्या काळात बाळंभटदादा देवधरांनी मल्लखांबाला नवा जन्म दिला. निजामाकडून आलेल्या पहिलवानांचे आव्हान स्वीकारल्यावर त्यांनी वणीला सप्तशृंगीच्या सान्निध्यात तप केले आणि मारुतीरायाने त्यांना खांबावरची विद्या दाखवली, अशी आख्यायिका सांगतात. वणी तुमच्या घरापासून दोन तासांवरही नाही. एबेरच्या कितीतरी आधी, भार स्वतःच्या अंगाचा, साधन म्हणजे एक लाकूड आणि गुरू शेजारी उभा, अशी विद्या आपल्या जिल्ह्याच्या आठवणीत आहे. राहिला 'माकडचेष्टा' हा शब्द. अंजनेरीला मारुतीचे जन्मस्थान मानणाऱ्या नाशिककराने ही शिवी म्हणून का घ्यावी, हे मला कळलेले नाही. एखाद्या रविवारी वडिलांना म्हणा, मला जोर नीट काढायला शिकवा. नकार द्यायचे त्यांना कारण नाही, आणि तुमच्या खांद्यांना त्याची गरज आहे.

जागेचेही बोलले पाहिजे, कारण घाटावरच्या सुरक्षारक्षकाने हुसकावल्याचा तुम्हाला राग आहे. रामकुंडाच्या परिसरात लोक अस्थिविसर्जनाला, श्राद्धाला आलेले असतात. त्यांच्या डोक्यावरून कठडा ओलांडणाऱ्या तरुणाला मीही हटकले असते. शिवाय घाटाचे दगड ओले आणि शेवाळलेले असतात. पुराचे पाणी गोदापात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीला लागले की पुलावरून उड्या टाकणारी पोरे आपण दर पावसाळ्यात पाहतो. त्या धाडसाशी आपले नाव जोडले जाऊ नये असे वाटत असेल, तर गोदाकाठ सोडा. पांडवलेणी आणि अनेक किल्ले या संरक्षित वास्तू आहेत, तिथे तर नाहीच. गोल्फ क्लब मैदानासारख्या ठिकाणी सकाळी लवकर, एखाद्या महाविद्यालयाच्या मैदानावर लेखी परवानगी घेऊन, किंवा मल्लखांब शिकवणाऱ्या व्यायामशाळेत आठवड्यातून दोन तास मागून पाहा. परवानगीचा अर्ज केला आणि नाकारला गेला असे तुमच्या पत्रात कुठेही नाही, म्हणून जागा नाही हे विधान मी अजून मान्य करत नाही.

एवढे सगळे आठ-दहा महिने जमले, घोटा शांत राहिला, तर नोकरीतली साठवलेली रजा घेऊन तीन आठवडे जा. जूनच्या सुरुवातीला निघालात तर आपल्याकडे पावसाने सराव बंद पडण्याच्या वेळी तिकडे दिवस मोठे आणि भिंती बऱ्यापैकी कोरड्या असतात. शिकण्यासाठी मी लिसपेक्षा लंडन निवडीन, आणि कारण अगदी साधे आहे: तुम्हाला इंग्रजी समजते, फ्रेंच समजत नाही, आणि उडीच्या आधी सांगितलेला एक शब्द न कळणे महागात पडू शकते. लिसला जायचेच असेल तर दोन दिवस यात्रा म्हणून जा, 'दाम द्यू लाक' हे तळ्याकाठचे उंच शिल्प खालून पाहा आणि त्याच्यावर चढण्याचा मोह आवरा. मात्र ब्रिटनचा व्हिसा फ्रान्सला चालत नाही, त्यासाठी वेगळा शेंगेन व्हिसा लागतो. त्याचे शुल्क प्रौढांना 90 युरो आहे, किमान 30,000 युरोंचा वैद्यकीय प्रवास विमा लागतो आणि अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो. दोन दिवसांच्या यात्रेसाठी हा खटाटोप परवडतो का, ते तुम्ही ठरवा. मी ती पुढच्या फेरीसाठी ठेवली असती.

विम्याच्या कागदावर एक वाक्य नीट शोधा. अनेक प्रवास-विम्यांतून साहसी खेळांतल्या दुखापती वगळलेल्या असतात. पार्कूरचे नाव घेऊन विमा कंपनीला लेखी विचारा आणि लेखी उत्तर घ्या. ज्या प्रशिक्षकांकडे जायचे त्यांनाही आधीच पत्र लिहून घोट्याचा इतिहास कळवा. जो प्रशिक्षक त्यावर एकही प्रश्न विचारत नाही, त्याच्याकडे पैसे भरू नका. परतल्यावर किमान तीन महिन्यांचा घरखर्च हाताशी राहील एवढी रक्कम बचतीतून आधीच बाजूला काढा आणि उरेल त्यात प्रवास बसवा.

तुमच्यासारखीच, थोड्या निराळ्या प्रश्नांची आणखी काही पत्रे माझ्याकडे आहेत, त्यांनाही इथेच उत्तर देते. पन्नाशीला टेकलेल्या एका वाचकांनी या वयात पार्कूर करता येईल का असे विचारले आहे. बागेतल्या कमी उंचीच्या कठड्यावर तोल सांभाळत चालणे, जिने चढणे, जमिनीवर बसून हाताचा आधार न घेता उठणे, ही त्याचीच सुरुवात आहे. रक्तदाब किंवा मधुमेह असेल तर आधी डॉक्टरांना विचारावे. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्याला किमान 150 मिनिटे मध्यम व्यायाम आणि दोन दिवस स्नायूंना बळ देणारा व्यायाम सांगते, आणि तेवढ्यासाठी कोणत्याही भिंतीवरून उडी मारावी लागत नाही. एका आईने तेरा वर्षांच्या मुलीला रोखू का असे विचारले आहे. रोखू नका, तिला मल्लखांबाच्या वर्गात घाला आणि गच्चीच्या दाराला कुलूप लावा.

शेवटचे, आणि या आठवड्यातच करायचे काम. तुमच्या पत्रात बचतीचा आकडा आहे, गावांची नावे आहेत, पण पासपोर्टचा उल्लेख नाही. तो नसेल तर अर्ज करा. मात्र अर्जानंतर पडताळणीसाठी पोलीस घरी येतात, आणि तुम्ही कारखान्यात असाल तर दार तुमची आई उघडेल. त्या दिवसाच्या आधी रात्रीच्या जेवणाला बसल्यावर दोघांनाही सगळा बेत सांगून टाका, आईला स्थळांच्या बाबतीत काय सांगायचे आहे तेही त्याच वेळी, आणि घोट्याची गोष्ट लपवू नका.